मान डोलावणारं सांबर

तुळजाजीरावांच्या बैठकीतल्या सांबराने मान डोलावल्याशिवाय त्या घरात काही ठरत नसे.

सांबर म्हणजे नुसतं मुंडकं. मोठ्या फाट्यांची शिंगं, काचेचे डोळे, जराशी उघडी नाकपुडी. तुळजाजीरावांच्या आजोबांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी निलगिरीच्या डोंगरात मारून आणलेलं, हे सगळ्या तंजावूरला ठाऊक होतं. दारातून वारा आला की ते हळूच डोलायचं. वर-खाली डोललं तर होकार, आडवं हललं तर नकार. गाय घ्यायची का, कूळ बदलायचं का, असले प्रश्न घेऊन शेजारपाजारचेही येत आणि हात जोडून भिंतीपुढे उभे राहत. मेलेल्या जनावराची मान हलते कशी, हे मात्र एकानेही कधी विचारलं नाही. आजोबांनी एक नियम घालून दिला होता: मुंडक्याला कुणी हात लावायचा नाही. आजोबा गेले तरी तो नियम राहिला, आणि धूळही राहिली.

वसुमतीचं, म्हणजे तुळजाजीरावांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्नही याच मानेने ठरवलं होतं. मुलगा पापनाशमच्या रंगरावांचा. हे रंगराव मोठे कडक गृहस्थ, मिशा तलवारीसारख्या आणि बोलणंही तसंच. मुलगी पाहून झाल्यावर ते सांबरापुढे उभे राहिले, सांबराने तीनदा मान खाली केली, आणि रंगराव म्हणाले, "राज्य खालसा झालं आणि आपल्या लोकांच्या तलवारी भाज्या चिरायला लागल्या. शिकाऱ्याचं असं हे एकच घर उरलं. लग्नात नवरानवरी याच्या पायाशी, म्हणजे मानेशी, उभी करायची. त्याने मान डोलावली की लग्न लागलं. नाहीतर नाही."

वसुमती खिडकीआडून मुलाला पाहत होती. त्यानंतर दोन दिवस तिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं आणि घरातल्या रसमात मीठ नव्हतं. तेव्हा तिचाही होकार कळलाच.

हे झालं आषाढात. श्रावणात, एका रविवारी भर दुपारी, झाडाचं पान हलत नसताना, सांबर खाली पडलं.

तुळजाजीराव केळीच्या पानावर भात कालवत होते. धाडकन आवाज झाला. ते तसेच खरकट्या हाताने बैठकीत गेले, मागोमाग कमलाक्षीबाई. भिंतीवर नुसता खिळा होता. खाली सांबराचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत फुटलं होतं आणि आतून भुसा नाही, हाड नाही, कागदाचा लगदा दिसत होता. मानेत एक लोखंडी तार होती, तिच्या टोकाला शिशाचा गोळा.

कमलाक्षीबाई खाली बसल्या. तार बोटाने हलवून पाहिली. अर्धं मुंडकं प्रेमाने डोललं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तर बाहुलीवाल्याचं काम."

तंजावुरात मान डोलावणाऱ्या बाहुल्या कुणी पाहिल्या नाहीत? राजा-राणी, नाचणारी बाई, ढेरपोट्या शेटजी. नवरात्रात घरोघरी मांडतात. तसलीच एक बाहुली, फक्त सांबराची. तिला विचारून या घराने अठ्ठावीस वर्षं संसार केला होता. लगद्यात मधूनमधून अक्षरंही दिसत होती. तुळजाजीराव सरकारी दप्तरखान्यात कारकून, त्यामुळे त्यांनी सवयीने ती वाचली. मिठाच्या कचेरीतले जुने कागद होते. राज्य गेल्यावर राजवाड्याचा शिकारखाना मोडला, तेव्हा आजोबांनी पोटासाठी मिठाच्या कचेरीत नोकरी धरली होती.

"शिंगं तरी खरी आहेत," तुळजाजीराव म्हणाले.

शिंगं खरी होती. बुडाशी गोल, खडबडीत, पिकून गळलेल्या फळाच्या देठासारखी. दोघांनी मिळून सगळं एका टोपलीत भरलं आणि टोपली माळ्यावर ठेवली. कुणाला सांगायचं नाही अशा शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी तुळजाजीरावांनी टोपली पुन्हा उतरवली, तर आत नुसता लगदा.

"शिंगं कुठं ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू? तुम्हीच ठेवली असाल कुठं तरी, चष्म्यासारखी."

हा वाद रंगात येतो आहे तोच दारात रंगराव उभे. मुहूर्त धरायला सकाळच्या गाडीने आले होते. आत आले, बसण्याआधी सवयीने भिंतीला हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

"सोयरे, सांबर?"

माणसाचा मान जायची वेळ आली की त्याच्या तोंडून असं काही निघतं की पुढचे सहा महिने ते निस्तरण्यात जातात. तुळजाजीराव खाकरले. "उतरवलं," ते म्हणाले. "जुनं झालं होतं. लग्नासाठी नवं आणतोय. याहून मोठं."

"विकत?"

"छे! निलगिरीहून. स्वतः मारून."

रंगरावांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पंचेचाळीस वर्षांचे तुळजाजीराव, पोट जरा पुढे, कानाला टाक. मग रंगरावांनी त्यांना एकदम मिठीच मारली. "रक्त बोलतं," ते म्हणाले. "तै महिन्यात, संक्रांत झाली की लग्न. तोवर शिंगं भिंतीवर पाहिजेत."

ते गेल्यावर कमलाक्षीबाईंनी एवढंच विचारलं, "तुम्ही डोंगर पाहिलाय का हो कधी?"

तुळजाजीरावांनी पाहिला नव्हता. तंजावूरच्या माणसाला उंच म्हणजे मोठ्या देवळाचं शिखर, आणि खोल म्हणजे भाताचं खाचर. मधलं काही ठाऊक नसतं.

इथून तयारीला सुरुवात झाली.

निलगिरीत वाटेल त्याने उठून सांबर मारायचं नाही असा कायदा होता. साहेब लोक तिथे त्याला एल्क म्हणत आणि स्वतःसाठी राखून ठेवत. वर्षाला थोडेच परवाने, एका परवान्यावर एकच नर, शिंगं ठरावीक इंचांहून मोठी पाहिजेत, आणि परतल्यावर परवान्याच्या मागचे रकाने भरून पाठवायचे: किती दिसले, मारले की नाही, शिंगांची लांबी, शेरा. तुळजाजीरावांनी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. रकाने पाहून त्यांना डोंगराविषयी थोडा धीर आला होता.

बातमी शेजारी कळायला भिंतीची जाडी एवढाच वेळ लागला. शेजारच्या कृष्णस्वामी अय्यरांनी जन्मात डास मारला नव्हता, पण शिकारीबद्दल त्यांना सगळं माहीत होतं.

"रावसाहेब, थंडी," तिण्णैवर बसून ते म्हणाले. तिण्णै म्हणजे आमच्याकडचा दारापुढचा ओटा. निम्मं तंजावूर तिथूनच चालतं. "वर गेल्यावर रक्त गोठतं. अंगाला सवय आत्तापासून पाहिजे. माझ्या मेव्हण्याचा लोकरी कोट आहे. घाला."

"आत्ता? या उकाड्यात?"

"मग काय गोठल्यावर घालणार? आणि श्वास! वर हवा पातळ असते. रोज चढायची सवय करा."

चढायला तंजावुरात आहे काय? राजवाड्याचा जुना उंच बुरूज. तुळजाजीराव रोज दुपारच्या सुट्टीत लोकरी कोट घालून, कानटोपी ओढून, पाठीला तांदळाचं अर्धं पोतं बांधून बुरूज चढू लागले. खालचा पहारेकरी त्यांना पाहून उठून उभा राही. कोट पाहून त्याला वाटलं, नवस असावा. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि मुलीला मूल होऊ दे म्हणून मागितलं. तुळजाजीरावांनी आशीर्वाद दिला. करतात काय?

मग बंदूक. आजोबांची दुनळी देवघरात होती. दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, म्हणजे चंदन, हळदकुंकू, अक्षता, वर तुपाची धार, आणि नैवेद्य म्हणून नळीच्या तोंडाशी गुळाचा खडा. पुसायची मात्र पद्धत नव्हती. देवाला घासतं का कोणी? तुळजाजीराव ती फडक्यात गुंडाळून सांबशिव लोहाराकडे घेऊन गेले. त्याने नळीत सळई घातली. सळई चार बोटं गेली आणि थांबली. त्याने वास घेतला.

"राव, ही बंदूक नाही. मूर्ती झाली आहे."

"साफ कर."

"मी हात लावणार नाही. आधी देवाला उठवून आणा."

मग भटजी बोलावून बंदुकीची उत्तरपूजा करावी लागली. 'यान्तु देवगणाः' म्हणून अक्षता टाकल्या, आणि भटजींनी विचारलं की आता देव जातो तो जातो कुठे?  सांबशिवाने दोन दिवस खरवडून दोन्ही नळ्यांतून अठ्ठावीस वर्षांची भक्ती काढली. सगळ्यात तळाशी, गुळाच्याही आधी, दारू आणि गोळी होती. तशीच. भरलेली, न उडवलेली.

"तुमच्या आजोबांनी सांबर कशाने मारलं?" सांबशिव म्हणाला. "डावी नळी भरलेली, उजवी नळी भरलेली. ही बंदूक डोंगरावर उडालेलीच नाही."

 तुळजाजीरावांना एकदम जुनं आठवलं. आजोबा निलगिरीहून परत आले तेव्हा तुळजाजीराव सतरा वर्षांचे होते. घोंगडीत गुंडाळलेली शिंगं खांद्यावर घेऊन आजोबा दारात आले, उंबरा ओलांडला, आणि दार लावायचं सोडून एका बाजूला सरून उभे राहिले. मागून कोणी येणार असावं तसे. थोडा वेळ थांबून मग दार लावलं. त्यानंतर मरेपर्यंत आजोबा घरात शिरताना तसेच थांबत. घरच्यांना वाटायचं, म्हातारपण.

आश्विनात डोंगरावरच्या कचेरीचं पत्र आलं. 'आपला अर्ज मिळाला. परंतु तुळजाजी या नावाने सन १८८३ चा परवाना आधीच दिलेला असून त्याचे रकाने भरून आलेले नाहीत. एका नावावर एकच नर. तसेच त्या नोंदीवरून आपले वय आज पंच्याऐंशी असून, चढण्यास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.'

नातवाला आजोबांचं नाव द्यायचं ही आमच्याकडची रीत. रीतीला काय ठाऊक, पुढे सरकार येऊन नावांची यादी करणार आहे म्हणून! तुळजाजीरावांनी कळवलं: तो मी नव्हे. उत्तर आलं: मग तुळजाजी मेल्याचा दाखला पाठवा.

मृत्यूचे दाखले देण्याचं काम तुळजाजीरावांकडेच होतं. नियमाप्रमाणे त्यांनी स्वतःकडे अर्ज केला. सोमवारी टोपलीत टाकला, गुरुवारी क्रमाने हातात आला. तिकीट लावलेलं नव्हतं म्हणून त्यांनी तो नामंजूर केला. घरी येऊन दप्तरखान्याला पोटभर शिव्या दिल्या, तिकीट लावलं, पुन्हा अर्ज केला. दाखला लिहिताना 'तुळजाजी, मयत' अशी अक्षरं त्यांच्याच हातून कागदावर उतरली, तेव्हा मागे कोणीतरी नाकातून दीर्घ श्वास सोडला. वळून पाहिलं तर कपाटं. कोरड्या कागदांच्या त्या खोलीत ओल्या गवताचा वास येत होता.

'दाखला पोचला,' कचेरीने कळवलं. 'आता मयताचा जुना परवाना परत पाठवा.'

आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी परवाना मिळाला. मागचे रकाने भरलेले होते, पण मोडीत. तुळजाजीरावांना इंग्रजी येत होतं, तमिळ येत होतं, मराठी घरात बोलण्यापुरती. मोडी म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग. राजवाड्याच्या ग्रंथशाळेत वेंकटराव पंडित म्हणून एक वृद्ध होते, ते मोडी पाण्यासारखी वाचत. तुळजाजीराव त्यांच्याकडे गेले.

वेंकटरावांनी कागद डोळ्यांशी धरला आणि दरबारात वाचावं तशा आवाजात सुरुवात केली. "किती दिसले? येक. मारिले की नाही? नाही." इथे त्यांचा आवाज जरा उतरला. "शिंगांची लांबी? शिंगे आपण होऊन दिल्ही. मोजिली नाहीत." 

"आणि शेरा?"

पंडितांनी कागद खाली ठेवला. "शेरा आहे, 'मागे आले'." त्यांनी चष्मा पुसला. "राव, हे वर्षानुवर्षं हिशेबी दप्तर लिहिणाऱ्याचं अक्षर आहे. असा माणूस रकान्यात खोटं लिहीत नाही."

"पण मग मुंडकं कागदाचं का केलं?"

"लोक विचारणारच, शिंगं कुणाची? कागदाचं तोंड दाखवलं की प्रश्न मिटला." पंडित दाराकडे पाहत म्हणाले. "खरं तोंड कुठं आहे, ते कुणी विचारू नये म्हणून असेल."

एवढ्यावर एखाद्याने लोकरी कोट परत केला असता. पण रंगरावांचं पोस्टकार्ड आलं होतं: 'पापनाशममध्ये शब्द दिला आहे. सगळे शिंगं बघायला येतील.' आणि वसुमती दुपारी त्या रिकाम्या खिळ्याखाली बसून लग्नाच्या साडीला काठ लावत होती. तिला खरं माहीत नव्हतं. खरं बाहेर पडलं तर रंगराव लग्न मोडणार, आणि 'बाहुलीच्या शब्दावर मुलगी देणारे' म्हणून तंजावूर पिढ्यान्‌पिढ्या हसणार. तुळजाजीरावांनी जुना परवाना रवाना केला आणि तयारी दुप्पट केली.

कृष्णस्वामींच्या मेव्हण्याचं उटीला कापीचं, म्हणजे कॉफीचं, हॉटेल होतं. त्याने लिहिलं की सांबर शोधू नये, बोलवावं. त्याचा आवाज पाण्याने भरलेल्या पितळी घागरीवर मूठ मारल्यासारखा असतो: ढांक्! तुळजाजीरावांनी घरी सराव केला तर दूध नासलं, असं कमलाक्षीबाईंचं म्हणणं. म्हणून मग बुरुजावर.

पहिल्या दिवशी बुरुजाच्या माथ्यावरून त्यांनी तोंडाशी हात धरून आवाज दिला. खाली ऊन पडलं होतं, कावळेही गप्प. मग दूर वडवार नदीच्या काठाकडून आवाज आला: ढांक्!

'प्रतिध्वनी,' तुळजाजीराव मनात म्हणाले. तंजावुरात प्रतिध्वनी यायला डोंगर नाही, ही गोष्ट त्यांना जिना उतरल्यावर सुचली.

दुसऱ्या दिवशी उत्तर राजवाड्याच्या वाटेवरून आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाज द्यायचाच नाही असं ठरवलं होतं. वर पोचून घाम पुसत होते. आवाज आपोआप आला. खालून. बुरुजाच्या पोटातून.

त्या बुरुजाला जिना एकच. सुट्टी संपत आली होती आणि तुळजाजीराव वीस वर्षांत एकदाही उशिरा कामावर गेले नव्हते. माणसाची भीती मोठी की हजेरीपट मोठा, याचा निकाल त्या दिवशी लागला. तांदळाचं पोतं पुढे ढालीसारखं धरून, भिंतीला घासत, ते उतरू लागले. प्रत्येक वळणावर ओल्या गवताचा आणि उबदार जनावराचा वास पुढच्या वळणावर सरकत होता. पायऱ्यांवर टक् टक् असं काही वाजत होतं, पण ते त्यांचेच दात असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

खाली पहारेकरी उठून उभा होता. या खेपेला त्याने सलाम दोनदा केला.

"दोनदा का रे?"

"एक तुम्हाला, राव."

"आणि दुसरा?"

"तुमच्या आधी उतरले त्यांना." पहारेकरी घोटाळला. "तुमच्या घराकडं गेले. तुमचे कोणी नव्हेत?"

दुसऱ्या दिवशी पहाटे कमलाक्षीबाईंनी नेहमीसारखं दारापुढे तांदळाच्या पिठाचं कोलम घातलं. वसुमतीला उठवायला आत गेल्या, परत आल्या, आणि त्यांनी हाक मारली. कोलममधून खुरांचे ठसे गेले होते. लांबट, टोकदार, जोडीजोडीने.

"गाय आली असेल," तुळजाजीराव म्हणाले.

"गाईचा खूर मी ओळखते. आणि गाय आली तर बाहेर जायला नको?"

ठसे उंबऱ्यापर्यंत येत होते, उंबऱ्याच्या आत दोन पिठाळ खुणा होत्या. परत जाणारं पाऊल एकही नव्हतं. घर शोधलं. न्हाणी, माळा, विहिरीचा कठडा. घरात काही नव्हतं. फक्त बैठकीतल्या भिंतीपाशी गारवा होता.

आणि त्याच दिवशी टपालाने परवाना आला. शिक्का, सही, 'एक नर', पाठीमागे कोरे रकाने.

मंगळवारची सकाळची गाडी ठरली. सगळी वीथी, म्हणजे सगळी गल्ली, निरोप द्यायला जमली. वळकटी, पाण्याची सुरई, कानटोपी, लिंबाच्या लोणच्याची बरणी, धुतलेली बंदूक. कृष्णस्वामींनी दोन हार आणले होते, एक त्यांनी आधी तुळजाजीरावांना घातला आणि मग, उरला म्हणून, दुसरा बंदुकीला. बैलगाडी दाराशी होती. तुळजाजीराव नमस्कार करायला बैठकीत गेले, आणि कमलाक्षीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, ज्यानं स्वतःची शिंगं परत नेली तेच घरात आलंय. ते मारायला डोंगरावर कशाला जाता?"

"घरात कुठंय?"

"मला काय विचारता? दिसत नाही म्हणून नाही असं असतं का? तुमची अक्कल दिसते का कुणाला?"

तुळजाजीरावांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात आलं, जे मागे आलं ते मारायला आलेलं नव्हतं. आजोबांच्या दोन्ही गोळ्या त्या डोंगरावर नळीतच राहिल्या, आणि आजोबा उरलेलं आयुष्य दाराशी बाजूला सरत राहिले. राजवाड्याचा शिकारखाना मोडलेल्या माणसाला अठ्ठावीस वर्षांपूर्वी कोणीतरी आपण होऊन शिंगं काढून दिली. ती पुरेशी नव्हती?

ते बाहेर आले. गळ्यात हार. "मी जात नाही," ते म्हणाले.

 कृष्णस्वामींचं तोंड असं झालं, जणू शिकार त्यांच्याच तोंडातून निसटली. "गाडी चुकेल, रावसाहेब!"

"चुकू दे." त्यांनी दाराची दोन्ही कवाडं उघडली, बाजूला सरले, जरा थांबले आणि मग लावली. सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून तंजावुरात एक म्हण चालली: तुळजाजीरावांची शिकार, म्हणजे सगळी तयारी आणि शेवटी दार बंद. पुढे कितीतरी वर्षं ती घरोघरी वापरत, आणि मूळ कुणाला ठाऊक नसे.

तै महिन्यात लग्न उभं राहिलं. नादस्वर, केळीचे खांब, पापनाशमहून आगगाडीचे दोन डबे भरून वऱ्हाड. बैठकीतली भिंत पांढरी, रिकामी. तुळजाजीरावांनी त्यावर गणपतीची तसबीरही लावली नव्हती. मुहूर्त दुपारी बाराचा. त्याआधी घटकाभर त्यांनी रंगरावांचा हात धरला आणि त्यांना भिंतीपाशी नेलं.

"सोयरे, मी डोंगरावर गेलो नाही. शिंगं नाहीत. आणि आधीचं मुंडकंही कागदाचं होतं. मानेत तार. मी फसवलं असं समजा. मुलगी मात्र खरी आहे, बंदूकही खरी आहे, आणि ती कधी उडाली नाही हेही खरं."

रंगरावांच्या मिशा हलल्या. "म्हणजे पापनाशमचं सगळं कुटुंब मी बाहुलीच्या मानेवर इथं आणलं?"

"हो."

"आणि मला हे आत्ता सांगताय? नवरा घोड्यावरून उतरल्यावर?"

"आधी धीर नव्हता."

रंगरावांनी श्वास घेतला. आता तलवार निघणार, हे ओळखून तुळजाजीरावांनी मान खाली घातली. त्याच वेळी घराच्या मधल्या उघड्या चौकातून सूर्य डोक्यावर आला आणि भिंतीवर ऊन पडलं.

 तुळजाजीरावांनी मान वर केली. रंगराव भिंतीकडे पाहत होते.

भिंतीवर सावली होती. लांब मान, उघडी नाकपुडी, आणि वर फाटे फुटलेली शिंगं, जुन्याहून मोठी. चौकात काहीही उभं नव्हतं. तुळशीचं वृंदावन, पाण्याची घागर, बस.

"सोयरे," रंगराव हलक्या आवाजात म्हणाले, "ही सावली कशाची?"

"तिलाच विचारा. तिच्यापुढं कुणी खोटं बोलत नाही."

रंगरावांनी पागोटं काढलं, परत घातलं, परत काढलं. मग ते त्या पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहिले आणि त्यांनी अगदी हळू आवाजात, नेहमीच्या त्या बोलण्याची धार बाजूला ठेवून, विचारलं. काय विचारलं ते तुळजाजीरावांनाही ऐकू आलं नाही. सावलीने मान खाली केली. एकदा. सावकाश. तार असलेलं काही इतकं सावकाश डोलत नाही.

"मुहूर्त चुकवू नका," रंगराव वळून ओरडले. "उभे काय राहिलात सगळे? नादस्वर कुठंय?"

लग्न लागलं. वसुमती सासरी गेली, तिचं लक्ष थाऱ्यावर आलं आणि पापनाशममध्ये एक दिवसही अळणी रसम झालं नाही.

उरला परवाना. तुळजाजीराव रकाना रिकामा ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी टाक बुडवला. किती दिसले: एक. मारले की नाही: नाही. शिंगांची लांबी... इथे ते अडले. शेरा आधीच लिहून टाकला: 'घरीच आहे.' आणि कागद पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'शेरा नोंदवला. परंतु शिंगांच्या लांबीचा रकाना कोरा असल्याने परवाना बंद करता येत नाही. इंचांत कळवावे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास तुळजाजीराव शिंप्याची फीत घेऊन स्टुलावर चढले. कमलाक्षीबाईंनी खालचं टोक धरलं. ऊन आलं, सावली उमटली. फीत शिंगाच्या बुडाशी लावली, पण टोक जाग्यावर राहीना, कारण मान हळूहळू डोलत होती.

"जरा हलू नकोस," तुळजाजीराव म्हणाले.

"मी कुठं हलतेय?" कमलाक्षीबाई म्हणाल्या.

"तुला नाही."

सावली स्थिर झाली. तुळजाजीरावांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मोठ्याने आकडा सांगितला. अडतीस इंच. कमलाक्षीबाईंनी तो फीत न सोडता, मान वर न करता, कागदावर लिहून घेतला.